आंटी इज रिमेनिंग

ॲन्सेल्म काका गेला तेव्हा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्याच्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. वसईकडच्या वटार गावातून मुंबईच्या साहेबी ऑफिसात गेलेला हुशार माणूस, इंग्रजी शिक्षणाचा कैवारी, कुटुंबवत्सल. ‘कुटुंबवत्सल’ कानावर पडलं आणि मी हातरुमाल तोंडावर दाबला. शेजारच्या बाईला वाटलं, मला रडू आवरत नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला मी तिथे काही सांगितलं नाही, पण आता सांगते. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायचं असतं हे मला ठाऊक आहे. मला ते जमत नाही, एवढंच.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. दोघंही एकाच पानवेलीच्या वाडीत वाढले. वडील, म्हणजे प्लासिड, वाडीतच राहिले. काका फोर्टातल्या एका विमा कंपनीत टायपिस्ट म्हणून लागला आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. ज्या विहिरीवर नागडा पोहायला शिकला त्या विहिरीचं पाणी त्याला ‘हेवी’ वाटायला लागलं. वाडीत यायचं झालं तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चिखलात नाही तर शेणात उतरल्यासारखं तोंड करून यायचा. घरात आम्ही सगळे आमची वटारची बोली बोलायचो. काका मात्र कुत्र्यालाही इंग्रजीत हाकलायचा. कुत्रं हलायचं नाही. मग काकी आतून आमच्या भाषेत ‘हाड’ म्हणायची आणि कुत्रं जायचं.

सेलिनकाकी चार बुकं शिकलेली होती. म्हणजे काकाच्या हिशेबी अडाणीच. तिच्याशी तो बोलायचा ते हुकूम सोडण्यापुरतं. ती हसरी होती, कामाला वाघीण होती, आणि तिचा जीव दोन माणसांत अडकलेला होता. एक तिचा मुलगा बेसिल आणि दुसरी तिची धाकटी बहीण हिल्डा. आई लवकर गेल्यामुळे हिल्डाला काकीनंच कडेवर वाढवलं होतं. ती पुढे सिस्टर झाली आणि पेणच्या जरा पलीकडच्या एका कॉन्व्हेंटात होती.

चौऱ्याहत्तर साली काकानं एका पारशाकडून जुनी ॲम्बॅसेडर घेतली. त्याच डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनासाठी काढलेलं होतं. वसईतून लोक बसा भरभरून चालले होते. बसनं जाईल तो ॲन्सेल्म काका कसला? त्यानं रजा टाकली आणि गाडीनं जायचं जाहीर केलं. जाहीर म्हणजे अक्षरशः जाहीर. रविवारची प्रार्थना, आमची मिस्सा, सुटल्यावर देवळाबाहेर उभं राहून भेटेल त्याला सांगत होता. बेसिल सहा वर्षांचा, त्याला सोबत हवी म्हणून मलाही घेतलं. मी दहा वर्षांची होते.

काकीला गोव्याचं अप्रूप होतं, नाही असं नाही. पण तिचं खरं लक्ष वाटेतल्या पेणवर होतं. हिल्डाला आफ्रिकेच्या मिशनवर पाठवायचं ठरलं होतं. आम्ही परत येऊ त्याच आठवड्यात तिची बोट सुटणार होती. तिकडे गेलेल्या सिस्टरा दहा दहा वर्षं परत येत नसत, काही तर तिकडच्याच मातीत जायच्या. काकीनं तिच्यासाठी सुकेळी बांधून घेतली होती. आमच्याकडची राजेळी केळी उन्हात सुकवून केळीच्याच सोपट्यात गुंडाळतात, तीच. हिल्डाला ती फार आवडायची.

जाताना पेण आलं तेव्हा काकी म्हणाली, “अहो, हिल्डाला भेटूया.”

“परतताना,” काका म्हणाला. “लास्ट डे. हाफ अन अवर थांबू. प्रॉमिस.”

काकीनं सुकेळी पुन्हा पायाशी ठेवली. ती गोव्याला जाऊन आली, त्या सुकेळ्यांनाही संताचं दर्शन घडलं.

गाडीत काकानं एक कायदा केला होता. आपली बोली बोलायची नाही, मराठीसुद्धा नाही. बेसिलला मुंबईच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं ना! मी आणि बेसिल गावच्या मराठी शाळेतले. आमच्याजवळ इंग्रजी होतं ते ‘कॅट’ आणि ‘मॅट’ एवढंच. काकी तर बोलायचीच बंद झाली. पहिल्याच दिवशी कशेडीच्या घाटात माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, मना तान लागली.” त्यानं गाडी थांबवली. मला खाली उतरवलं, दार लावलं आणि गाडी वळणापलीकडे घेऊन गेला. मी घाटात एकटी उभी, समोरच्या कठड्यावर एक माकड. काकीचं ओरडणं वळणापलीकडून ऐकू येत होतं. मग गाडी मागे आली आणि काकानं काच खाली करून विचारलं, “नाऊ, हाऊ डू यू से?” मी रडत रडत ‘वॉटर’ म्हणाले. त्यानं बाटली दिली आणि काकीला म्हणाला, “बघ, शिकली.”

दहा वर्षांच्या पोरीला घाटात सोडून शिकवणारा हा शिक्षणाचा कैवारी. त्यानंतर मी आणि बेसिल खाणाखुणांनी बोलायला लागलो.

गोव्यात दर्शन झालं. रांगेत काका पुढे घुसायला गेला आणि स्वयंसेवकानं त्याला दंडाला धरून मागे आणला, एवढाच त्या दर्शनातला मला आवडलेला भाग. म्हापशाच्या बाजारात त्यानं संत फ्रान्सिसचा एक पुतळा घेतला. प्लॅस्टरचा, बेसिलएवढा उंच. डिकीत तो फुटेल म्हणून मागच्या सीटवर मधोमध बसवला. थंडीची शाल काकीच्या अंगावर होती ती काढून काकानं पुतळ्याला गुंडाळली. म्हणजे एका खिडकीशी मी, मधे संत, पलीकडच्या खिडकीशी काकी. पुढे काकाशेजारी बेसिल. वरचा आरसा काकानं स्वतःकडे वळवून ठेवलेला, भांग दिसावा म्हणून. मागून कोण येतंय हे बघायला ड्रायव्हर आरसा लावतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यानं इंग्रजीत सांग म्हटलं असतं.

आता शेवटचा दिवस. रात्री आम्ही महाडला मुक्काम केला होता. रविवार होता. सकाळी लॉजच्या पोऱ्यानं फडकं आणून गाडी पुसायला घेतली तर काका त्याच्या अंगावर धावून गेला. गोव्याची लाल माती गाडीवर तशीच राहिली पाहिजे होती. संध्याकाळची मिस्सा सुटायच्या वेळी बरोबर देवळासमोर गाडी उभी करायची, सगळ्या गावानं ती माती बघायची, मग आपण उतरून मागचं दार उघडायचं, बायकोला हात देऊन उतरवायचं, आणि संत फ्रान्सिसना बाहेर काढायचं. बायकोला हात देणं त्यानं कुठल्या तरी इंग्रजी सिनेमात पाहिलं होतं. हा सगळा बेत त्यानं चहा पिताना आम्हाला समजावून सांगितला.

“पन पेनला थांबायचं ना?” काकीनं भीतभीत विचारलं. लॉजमध्ये बोली चालायची, कायदा गाडीपुरता होता.

“प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस,” काका म्हणाला.

नागोठण्याच्या आसपास चाक पंक्चर झालं. स्टेपनीतही हवा नव्हती. पंक्चरवाला जेवायला गेलेला. काका रस्त्यावर येरझाऱ्या घालत घड्याळ बघत होता. चाक लागलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मग त्यानं गाडी अशी हाणली की संत फ्रान्सिस माझ्या अंगावर कलंडत होते. वडखळ गेलं. काकीनं सुकेळीची जुडी मांडीवर घेतली, केस सारखे केले. रस्त्याच्या डाव्या हाताला कॉन्व्हेंटची भिंत दिसायला लागली, मग क्रूस असलेलं फाटक.

“अहो, हितंच,” काकी म्हणाली.

काकानं वेग कमी केला नाही.

“अहो!”

“नो टाइम,” काका म्हणाला. “मिस्सा सुटेल. नेक्स्ट टाइम.”

“नेक्स्ट टाइम कदी? ती मंगळवारी चालली!”

“इन इंग्लिश,” काका म्हणाला.

फाटक मागे गेलं.  काकीला इंग्रजीत काय बोलता येणार होतं? ती मान मागे वळवून त्या भिंतीकडे बघत राहिली. मला त्या वेळी काकाचा गळा धरावासा वाटला. आजही वाटतो, पण आता उपयोग नाही.

काकाला नाही तरी पारशाच्या गाडीला काकीची दया आली असावी. फर्लांगभर पुढे बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती, तिथे पाण्याचा पंप होता. काका शिव्या घालत उतरला. शिव्या मात्र त्यानं आमच्या बोलीतच घातल्या. डबा घेऊन तो पंपाकडे गेला आणि टपरीवाल्याशी हुज्जत घालायला लागला.

काकीनं दार उघडलं. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, “रिटा, मी हिल्डाला बगून येते. काकाला सांग, मना घेतल्याबिगर जाऊ नका. आता येते.” आणि सुकेळी छातीशी धरून ती आल्या रस्त्यानं चालायला लागली. चालायला कसली, धावायलाच. पदर मागे उडत होता.

काकानं पाणी ओतलं, हात धुतले, पंपाच्या पाण्यानं केस बसवले आणि गाडीत येऊन बसला. मागे वळून बघायचा प्रश्नच नव्हता. आरशात भांग बघितला आणि गाडी चालू केली.

मी घाबरून म्हणाले, “काका, काकी—”

“नो काका, नो काकी. अंकल. आंटी.”

“अंकल, आंटी ऱ्हायली!”

“इन इंग्लिश!” त्यानं वेग कमी केला. मला माहीत होतं, तो कशासाठी वेग कमी करतो ते. डोळ्यांपुढे घाट आला आणि ते माकड आलं. पण मी बोलले. ‘राहणे’ला इंग्रजीत काय म्हणतात ते गणिताच्या मास्तरांनी वजाबाकी शिकवताना एकदा सहज सांगितलं होतं, बाकी राहते ती ‘रिमेन’. मी सगळा जीव गोळा करून म्हणाले, “आंटी इज रिमेनिंग!”

काका खूश झाला. खरंच खूश झाला. “रिमेनिंग व्हॉट? रिमेनिंग क्वायट?” आणि तो हसला. “गुड. लेट हर. यू ऑल्सो रिमेन क्वायट.”

गाडी पेण ओलांडून गेली.

बेसिल पुढच्या सीटवर गुडघे टेकून मागे बघत होता. आई बसायची ती जागा रिकामी होती. पण तो रडला नाही. पुष्कळ वर्षांनी त्यानं मला सांगितलं, त्याला वाटलं होतं की आईनं बोली बोलली म्हणून तिला शिक्षा केली आहे. मला सोडलं तसंच तिला सोडलं आहे, आणि आपण तोंड उघडलं तर आपली पाळी. सहा वर्षांच्या पोराला बापाविषयी असं वाटावं, यात त्याचं काय चुकलं?

पनवेल गेलं, ठाणं गेलं. या सगळ्या वाटेत काकानं तीनदा मागे चौकशी केली. “स्टॅच्यू ओके?” असं तो विचारायचा. मी म्हणायचे, “येस अंकल.” एकदा मी ‘येस अंकल’नंतर ‘आंटी नो’ असंही जोडून पाहिलं. तो म्हणाला, “आंटी स्लीपिंग? लेट हर स्लीप.” शाल गुंडाळलेले संत फ्रान्सिस खिडकीला टेकले होते, त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्याला तेवढं पुरलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि बायको व प्लॅस्टर यातला फरक त्याला जाणवत नव्हता. घोडबंदरच्या पुलावर त्यानं शीळ घालायला सुरुवात केली. वालीवकडून आत वळलो तेव्हा तर तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता.

वेळ त्यानं बरोबर साधली. देवळासमोर आलो तर मिस्सा सुटत होती. काकानं लांबलचक हॉर्न दिला. लोक वळले. पोरं धावत आली आणि लाल मातीत बोटांनी रेघोट्या ओढायला लागली. काका उतरला, कोट ठीक केला, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

दाराला टेकलेले संत फ्रान्सिस सरळ त्याच्या अंगावर आले.

त्यानं त्यांना मिठीत झेललं. लोक हसले. काकाही हसला, त्याला वाटलं लोक कौतुकानं हसतायत. तेवढ्यात गर्दीतून माझी आई, क्लारा, पुढे आली. आईनं मला बघितलं, बेसिलला बघितलं, गाडीत वाकून बघितलं.

“भावजी,” आई म्हणाली, “सेलिन कटे हाय?”

काकानं मागच्या सीटकडे पाहिलं. मग पुढच्या सीटकडे पाहिलं. मग, मी खोटं सांगत नाही, सगळ्या गावादेखत पुतळा बगलेत धरून तो मागे गेला आणि त्यानं डिकी उघडून बघितली.

“रिटा! व्हेअर इज आंटी?”

आता मी गाडीत नव्हते. जमिनीवर उभी होते, आणि माझी आई शेजारी होती. मी आमच्या बोलीत, जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं, “काकी पेनला ऱ्हायली! मी सांगितलं तर तुमी मना गप ऱ्हा म्हनाला!”

 लोकांत कुजबुज सुरू झाली. वडिलांनी काकाला तिथल्या तिथे गाडी वळवायला सांगितलं. काका म्हणाला, रात्रीचे हेडलाइट बरोबर लागत नाहीत. उद्या जाईन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला गेला, कारण रजा संपली होती. रजा संपली होती! वडील पेणला जायला निघाले होते, पण त्यांना एस.टी. मिळेपर्यंत काकीच दारात उभी राहिली. पनवेल, ठाणं असं बसा बदलत आली होती. मोकळ्या हातानं, डोळे सुजलेले.

माझ्या आईनं तिला पाणी दिलं आणि विचारलं, हिल्डा भेटली का. काकी म्हणाली, भेटली. पण आत जाऊन बसलीच नाही म्हणे ती. हॉर्न वाजला तर ऐकू यायला पाहिजे, यांना खोळंबा नको, म्हणून बहिणीला घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसली. हिल्डा बोलत होती आणि काकीचं लक्ष रस्त्याकडे. प्रत्येक गाडीला उठत होती. हिल्डानं सुकेळी सोडून एक तिच्या हातात दिलं, तर तेही तिच्या हातात तसंच राहिलं. शेवटी प्रार्थनेची घंटा झाली, अंधार पडला, आणि हिल्डाच म्हणाली, “बाय, ते येनार नाय. आत चल.” मदर सुपिरिअरनं रात्रीपुरती खाट दिली. सकाळी लवकर हिल्डाला मुंबईला नेणारी गाडी आली.

“एवडा येळ मिळाला,” काकी म्हणाली, “आनि मी तो रस्त्याकडं बगन्यात घालवला.”

काकीला मी रडताना पाहिलं ते तेव्हाच.

काका संध्याकाळी ऑफिसातून आला. आम्ही सगळे ओटीवर होतो. काकीला बघून त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग आवाज चढवला. सगळ्या गावात माझं तोंड काळं केलंस, न सांगता उतरतेस म्हणजे काय, माणसाला किती काळजी वाटते. काकी उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याला बोलू दिलं. मग विचारलं, “मी नाय, हे तुमाला कवा कळलं?”

“कधी म्हणजे?” काका म्हणाला. “ठाण्याच्या अलीकडेच लक्षात आलं. पण वळवायला जागा नव्हती. ट्रॅफिक. मुलंही दमली होती.”

“नाय,” बेसिल म्हणाला. तो आईच्या मांडीला चिकटून बसला होता. “देवळापुडं.”

“बेसिल! स्पीक इन इंग्लिश!”

“इंग्लिश नाय,” काकी म्हणाली. तिनं नवऱ्याला आडवं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. “माज्या भाषेत सांग, बाळा. परत सांग. पप्पाला कवा कळलं?”

“देवळापुडं,” बेसिल मोठ्यानं म्हणाला. “क्लाराकाकीनं इचारलं तवा.”

काकीनं मान वर करून काकाकडे बघितलं.

“म्हंजे कुनी इचारलं नसतं तर?”

काका घाईघाईनं, आणि आमच्याच भाषेत, म्हणाला, “पन इचारलं ना!”